अपडेटनंतर व्हीएम उठत नाही? आधी ‘कुठपर्यंत आलं’ ते बघा

अपडेट व्यवस्थित लागलं, एकही एरर दिसली नाही, रीबूट दिलं आणि व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकात चालणारा आभासी संगणक) परत आलीच नाही. पिंगला उत्तर नाही, एसएसएच लागत नाही. अशा वेळी हात आपोआप पुन्हा रीबूटकडे जातो. जाऊ देऊ नका. अर्धवट लागलेलं अपडेट आणि मध्येच तुटलेली फाइल सिस्टिमची तपासणी दर रीबूटला आणखी गुंतत जाते. शिवाय पहिल्या वेळी स्क्रीनवर जी ओळ आली होती ती हातची जाते, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असते.

हे काम करता करता मला एक गोष्ट पक्की पटली आहे: ‘का उठत नाही’ हा प्रश्न नंतरचा. आधी ‘कुठपर्यंत आलं’ ते बघायचं. व्हीएम सुरू होण्याची वाट ठरलेली असते. होस्ट (ज्या खऱ्या मशीनवर व्हीएम चालते ते) व्हीएमची प्रोसेस सुरू करतो. मग व्हीएमचं फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय, डिस्क शोधतं. डिस्कवरचा बूटलोडर (लिनक्सवर बहुधा ग्रब) कर्नल आणि इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरची छोटी फाइल सिस्टिम, मेमरीत चढवतो. कर्नल रूट फाइल सिस्टिम माउंट करतो आणि शेवटी सिस्टिमडी सेवा व नेटवर्क उभं करतं. या पाचांपैकी कुठल्या टप्प्यावर घोडं पेंड खातंय हे कळलं की शोधायची जागा एकदम लहान होते.

हे कळतं फक्त कन्सोलवर. एसएसएच विसरा. व्हर्ट-मॅनेजर, प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअरमधली व्हीएमची स्वतःची स्क्रीन उघडा. क्लाउडवर असाल तर सीरियल कन्सोल किंवा बूटचा स्क्रीनशॉट बघा. शेवटच्या दहा-पंधरा ओळींचा फोटो काढून ठेवा.

हात लावण्याआधी

व्हीएम पूर्ण बंद करा आणि डिस्कची प्रत घ्या. स्नॅपशॉटही चालेल, पण दुरुस्ती करताना बूटलोडर आणि फाइल सिस्टिमवर लिहायचं असतं, म्हणून मला वेगळी, सुटी प्रत जास्त भरवशाची वाटते. डिस्कबरोबर व्हीएमचं कॉन्फिगरेशनही ठेवा. लिबव्हर्टमध्ये (लिनक्स होस्टवर व्हीएम सांभाळणारं साधन) ‘व्हर्श डम्पएक्सएमएल’ने ते एका फाइलमध्ये निघतं. यूईएफआय वापरत असाल तर एनव्हीरॅमची (फर्मवेअरच्या सेटिंग्जची) फाइल विसरू नका, कारण बूटच्या नोंदी तिच्यात असतात, डिस्कमध्ये नाही.

चालू व्हीएमची डिस्क होस्टवर कधीही माउंट करू नका. दोन सिस्टिम एकाच वेळी एकाच फाइल सिस्टिमवर लिहायला लागल्या की ती हमखास खराब होते, आणि मग मूळ दोष सापडूनही उपयोग नसतो. व्हीएम बंद असताना ‘गेस्टमाउंट’ने फक्त वाचण्यापुरती उघडली तर धोका नाही. आत काय काय बदललं हे तिथेच कळतं: डेबियन आणि उबुंटूत एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात डीएनएफच्या लॉगमध्ये.

दोष होस्टचा की गेस्टचा

त्याच होस्टवरच्या दोन-तीन व्हीएम एकदम बसल्या असतील तर होस्टकडे बघा. एकच बसली असेल आणि बाकीच्या, बंद करून सुरू केल्यावरही, नीट उठत असतील तर दोष बहुधा त्या गेस्टमध्येच, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिममध्येच, आहे. अजून खात्री हवी असेल तर त्याच व्हीएमला एखादी लाइव्ह आयएसओ (इन्स्टॉल न करता थेट चालणारी सिस्टिमची इमेज) जोडून बूट करा. आयएसओ उठली आणि तिला डिस्क दिसली, तर आभासी हार्डवेअर ठीक आहे. बिघाड डिस्कवरच्या सिस्टिममध्ये आहे.

यात एक फसगत हमखास होते. गेस्टच्या आतून रीबूट दिलं तर होस्टवरची क्यूएमूची (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामची) प्रोसेस तीच राहते, नव्याने सुरू होत नाही. म्हणजे होस्टवर क्यूएमू तीन आठवड्यांपूर्वी अपग्रेड झालेलं असलं, तरी चालू व्हीएम जुन्याच प्रोसेसवर चालत राहते. आज कुणीतरी ती पूर्ण बंद करतं, पुन्हा सुरू करतं, आणि ती उठत नाही. आळ येतो आजच्या गेस्ट-अपडेटवर. म्हणून होस्टचा इतिहास बघताना फक्त कालचा दिवस बघू नका.

होस्टवर प्रोसेसच सुरू होत नसेल

स्टार्ट दिल्याबरोबर एरर येते आणि स्क्रीन काळीसुद्धा होत नाही, हे याचं लक्षण. एका अर्थाने हा सगळ्यात बरा प्रकार, कारण एरर स्पष्ट असते. लिबव्हर्ट प्रत्येक व्हीएमचा वेगळा लॉग ठेवतं, व्हीएआर-लॉगच्या आत लिबव्हर्ट आणि त्याच्या आत क्यूएमू या फोल्डरमध्ये. तिथल्या शेवटच्या ओळी वाचा.

मशीन टाइप चालत नाही अशी एरर असेल, तर व्हीएम जुन्या आवृत्तीच्या आभासी मदरबोर्डवर बांधलेली आहे आणि नव्या क्यूएमूने तो काढून टाकलाय. क्यूएमूचं धोरण असं आहे की आवृत्ती जोडलेले मशीन टाइप 3 वर्षांनी कालबाह्य ठरतात आणि 6 वर्षांनी काढले जातात. ‘व्हर्श एडिट’ने त्याच घराण्यातली नवी आवृत्ती द्या: आय440एफएक्स असेल तर आय440एफएक्सचीच, क्यू35 असेल तर क्यू35चीच. एकावरून दुसऱ्यावर उडी मारलीत तर पीसीआयची सगळी मांडणी बदलते, नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, विंडोजला कंट्रोलर नवा वाटतो. आगीतून फुफाट्यात.

होस्टच्या सीपीयूत हवी ती सुविधा नाही आणि नावं एचएलई, आरटीएम अशी दिसत असतील, तर ही इंटेलची टीएसएक्स सुविधा आहे. सुरक्षेच्या दोषांमुळे मायक्रोकोड किंवा कर्नलच्या अपडेटने ती बऱ्याच प्रोसेसरवर बंद होते, पण व्हीएमच्या कॉन्फिगरेशनमध्ये मात्र ती सक्तीची म्हणून लिहिलेली असते. सीपीयूचं मॉडेल ‘नोटीएसएक्स’ असलेलं निवडा.

बॅकिंग इमेजचा, म्हणजे ज्या मूळ इमेजवर व्हीएमची डिस्क बेतलेली असते तिचा, फॉरमॅट दिलेला नाही, अशी तक्रार असेल तर कारण लिबव्हर्ट 6.0 पासूनची शिस्त आहे. पूर्वी लिबव्हर्ट बॅकिंग फाइलचा प्रकार अंदाजाने ठरवायचं. हे असुरक्षित होतं, म्हणून थांबवलं. जुन्या टेम्प्लेटवरून काढलेल्या क्यूकाऊ2 डिस्क नेमक्या यात अडकतात. उपाय ‘क्यूएमू-आयएमजी रीबेस’चा: त्याला ‘अनसेफ’ पर्याय देऊन बॅकिंग फाइल तीच ठेवायची, फक्त तिचा फॉरमॅट नोंदवायचा. ‘अनसेफ’ नावाला घाबरू नका. या रीतीने डेटा हलत नाही, फक्त इमेजच्या माथ्यावरची नोंद बदलते. पण म्हणूनच बॅकिंग फाइलचा मार्ग आणि तिचा खरा फॉरमॅट अचूक द्यायला हवा. ‘क्यूएमू-आयएमजी इन्फो’ने आधी पडताळा.

सेव्ह करून ठेवलेली व्हीएम नव्या क्यूएमूवर रिस्टोअर होत नसेल तर ‘व्हर्श मॅनेज्डसेव्ह-रिमूव्ह’ने ती अवस्था काढून कोरी सुरुवात करता येते. मात्र मेमरीत जे होतं ते गेलं, वीज गेल्यासारखंच. डेटाबेस असेल तर विचार करून करा. ‘डिफॉल्ट’ नेटवर्क बंद आहे अशी एरर असेल तर ‘व्हर्श नेट-स्टार्ट’, आणि पुढच्या वेळेसाठी ‘नेट-ऑटोस्टार्ट’. एवढंच.

व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांची गोष्ट वेगळी. तिथे होस्टचा कर्नल बदलला की व्हर्च्युअलबॉक्सचं कर्नल मॉड्यूल नव्याने बांधावं लागतं. ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ आणि उणे 1908 हा आकडा दिसला तर नव्या कर्नलचे हेडर बसवा आणि ‘व्हीबॉक्सकॉन्फिग’ चालवा. मॉड्यूल बांधलं जातं पण चढत नाही, असं असेल तर सिक्युअर बूट चालू आहे का बघा. तिथे स्वतःच्या किल्लीने मॉड्यूल साइन करून ती किल्ली एमओकेमध्ये (मशीनच्या मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांच्या यादीत) नोंदवावी लागते. आणि लिनक्स 6.12 पासून एक नवा पेच आलाय. या कर्नलमध्ये केव्हीएमचं (लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशनचं) मॉड्यूल चढताक्षणीच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा ताब्यात घेतं, मग एकही केव्हीएम व्हीएम चालू नसली तरी. व्हर्च्युअलबॉक्सला ती मोकळी मिळत नाही आणि ‘व्हीएमएक्स रूट मोड’चा उल्लेख असलेली एरर येते. केव्हीएमचं मॉड्यूल उतरवा, किंवा कर्नलच्या बूट पर्यायांत केव्हीएमची ‘एनेबल व्हर्ट ॲट लोड’ ही सेटिंग शून्य करा.

डिस्क सापडत नाही, किंवा ग्रब अडकतं

‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसलं तर आधी साधं बघा: डिस्क जोडलेली आहे ना, बूटचा क्रम बरोबर आहे ना, अपग्रेडच्या वेळची आयएसओ पहिली राहिली नाही ना. मग फर्मवेअर. बायोसवर बसवलेली सिस्टिम यूईएफआयवर उठत नाही, उलटही नाही. लिनक्स होस्टवर यूईएफआयसाठी ओव्हीएमएफ असतं. त्याच्या जुन्या 2 एमबीच्या फाइल काही वितरणांनी काढून 4 एमबीच्या ठेवल्या आहेत, आणि जुनी एनव्हीरॅम फाइल नव्याबरोबर चालत नाही. नवी कोरी एनव्हीरॅम दिली की बूटच्या नोंदी जातात आणि व्हीएम यूईएफआय शेलमध्ये येऊन थांबते. तिथून ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बूटलोडरची फाइल हाताने चालवा. सिस्टिम उठली की ‘ईएफआयबूटमॅनेजर’ने किंवा बूटलोडर पुन्हा बसवून नोंद कायमची करा.

‘ग्रब रेस्क्यू’चा प्रॉम्प्ट आला तर ‘एलएस’ने पार्टिशन बघा, ज्यात ग्रबचं फोल्डर आहे ते ‘रूट’ आणि ‘प्रीफिक्स’ला द्या, मग ‘इनसमॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. बहुतेकदा मेनू येतो. पण सिम्बॉल सापडत नाही अशी तक्रार असेल तर हा उपाय लागू पडत नाही. याचं ठसठशीत उदाहरण 2020 मधलं. बूटहोल हा ग्रबमधला सुरक्षादोष 29 जुलै 2020 रोजी जाहीर झाला. त्याचे पॅच लागल्यावर डेबियन आणि उबुंटूच्या बऱ्याच मशीनवर ‘ग्रब कॅलोक नॉट फाउंड’ ही ओळ आली आणि बूट तिथेच थांबलं. डिस्कच्या सुरुवातीला असलेला ग्रबचा गाभा जुना राहिला होता आणि बूट फोल्डरमधली मॉड्यूल नवी आली होती. गाभा कुठल्या डिस्कवर लिहायचा हे पॅकेजने कधीतरी नोंदवून ठेवलेलं असतं. व्हीएमच्या डिस्कचं नाव मध्ये एसडीएवरून व्हीडीए झालं, किंवा व्हीएम टेम्प्लेटवरून क्लोन झाली, की ती नोंद चुकीची ठरते. अशा वेळी रेस्क्यूमधून ‘ग्रब-इन्स्टॉल’ योग्य डिस्कवर चालवा आणि नंतर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ने ग्रबची नोंदही सुधारा. नोंद राहिली तर पुढच्या ग्रब-अपडेटला हेच पुन्हा होईल.

कर्नल अर्ध्यात पडतो

गेस्ट-अपडेटनंतरचे सगळ्यात जास्त बिघाड मी याच टप्प्यावर पाहिलेत. पहिली पायरी नेहमी एकच: ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडा. मेनू दिसत नसेल तर बायोसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवर एस्केप. जुन्या कर्नलने उठलं तर नव्या कर्नलची किंवा त्याच्या इनिटरॅमएफएसची भानगड आहे, आणि निदान सेवा चालू करून शांतपणे काम करता येतं. तेही उठलं नाही तर मेनूत ‘ई’ दाबा, कर्नलच्या ओळीतून ‘क्वाएट’ आणि ‘आरएचजीबी’ काढा आणि बूट करा. गिरक्या घेणाऱ्या चित्रामागे काय चाललंय ते आता दिसेल.

एका टपाल सर्व्हरच्या व्हीएमवर माझी अर्धी रात्र यात गेली होती. स्क्रीनवर ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ आणि त्यापुढे ‘अननोन ब्लॉक, शून्य, शून्य’. मी डिस्क तपासत बसलो, फाइल सिस्टिम तपासली, सगळं स्वच्छ. शेवटी डिस्क दुसऱ्या व्हीएमला जोडून बूट फोल्डरची यादी काढली. इनिटरॅमएफएसच्या चार फाइल. तीन साठ-साठ एमबीच्या आसपास, आणि आजच्या तारखेची चौथी अकरा एमबीची. बूट पार्टिशन शंभर टक्के भरलेलं. जागा संपली तिथे फाइल तुटली होती, आणि अपडेटच्या ढीगभर मजकुरात ‘नो स्पेस लेफ्ट’ची ओळ वर निघून गेली होती. स्क्रीनही नीट वाचली असती तर पॅनिकच्या (कर्नल कोसळल्याच्या ओळीच्या) कितीतरी वर इनिटरॅमएफएस उलगडता न आल्याची ओळ होतीच. तेव्हापासून मी पहिल्यांदा फाइलचे आकार बघतो. जुने कर्नल पॅकेज मॅनेजरनेच काढा, हाताने फाइल उडवू नका. मग इनिटरॅमएफएस नव्याने बांधा.

फाइल पूर्ण आहे पण ‘रूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून ड्रॅकटचं (इनिटरॅमएफएस बांधणाऱ्या साधनाचं) किंवा बिझीबॉक्सचं शेल उघडत असेल, तर इनिटरॅमएफएसमध्ये डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, किंवा कर्नलला दिलेला रूटचा पत्ता बदललाय. त्या शेलमध्ये ‘बीएलकेआयडी’ चालवा. डिस्क दिसतच नसेल तर ड्रायव्हर नाही. डिस्कचा प्रकार व्हर्टिओऐवजी साटा देऊन बघा. दिसत असेल तर यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख-क्रमांक) जुळवा.

आणखी एक प्रकार, जो मोठ्या आवृत्तीच्या अपग्रेडनंतरच येतो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 9 आणि तिच्यावर आधारलेल्या अल्मा, रॉकी यांना एक्स86-64-व्ही2 पातळीचा प्रोसेसर लागतो, आणि रेड हॅटच्या 10व्या आवृत्तीला व्ही3. प्रत्यक्ष प्रोसेसर कितीही नवा असो, व्हीएमला केव्हीएम64 किंवा क्यूएमू64 असं जुनं मॉडेल दिलेलं असेल तर गेस्टला त्या सुविधा दिसतच नाहीत. ‘फेटल जीलिबसी एरर’ची ओळ येते आणि पाठोपाठ इनिट मेल्याचा पॅनिक. डिस्कला हात लावायची गरजच नाही. सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ करा, किंवा वेगवेगळ्या होस्टवर लाइव्ह मायग्रेशन करत असाल तर सगळ्यांना झेपेल असं, गेस्टला लागेल त्या (व्ही2 किंवा व्ही3) पातळीचं मॉडेल द्या.

दुसऱ्या व्हीएमला डिस्क जोडून दुरुस्ती

बिघडलेली व्हीएम बंद ठेवा, तिची डिस्क एका चालत्या व्हीएमला दुसरी डिस्क म्हणून जोडा. एलव्हीएम (डिस्कची जागा ग्रुप करून वाटणारी व्यवस्था) असेल तर ‘व्हीजीचेंज’ने व्हॉल्यूम ग्रुप जागा करा. दोन्ही व्हीएम एकाच टेम्प्लेटच्या असतील तर ग्रुपचं नाव आणि यूयूआयडी सारखे निघून गोंधळ होतो, एक्सएफएसही तोच यूयूआयडी दिसल्यावर माउंट व्हायला नकार देतं. म्हणून रेस्क्यूसाठी वेगळ्या वितरणाची व्हीएम किंवा लाइव्ह आयएसओ वापरणं सोयीचं. एक्सएफएसला ‘नोयूयूआयडी’ पर्यायही देता येतो.

मग रूट माउंट करा, तिच्या आत बूट आणि ईएफआय पार्टिशन, त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही फोल्डर बाइंड करा आणि ‘सीएचरूट’ने आत जा, म्हणजे कमांड त्याच सिस्टिमला रूट मानून चालतील. इनिटरॅमएफएस बांधताना दोन गोष्टी सांभाळा. आत गेलात तरी चालू कर्नल रेस्क्यू मशीनचाच असतो, म्हणून बिघडलेल्या मशीनच्या कर्नलची आवृत्ती स्पष्ट द्यायची. डेबियनवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ला ‘ऑल’ सांगितलं तरी चालतं. आणि ड्रॅकटला ‘नो-होस्टओन्ली’ सांगा, नाहीतर ते समोर दिसणाऱ्या हार्डवेअरपुरतेच ड्रायव्हर घेईल. एसईलिनक्स असलेल्या सिस्टिमवर बाहेर पडण्याआधी रूटमध्ये ‘ऑटोरीलेबल’ ही (नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली) रिकामी फाइल बनवा. पुढचं बूट त्यामुळे लांबेल, मध्ये तोडू नका.

विंडोज गेस्ट

‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणजे बहुतेकदा डिस्कचा ड्रायव्हर. डिस्कचा प्रकार व्हर्टिओवरून साटा करा. उठलं तर एक छोटी व्हर्टिओ डिस्क वेगळी जोडा, व्हर्टिओ-विनच्या आयएसओतून ड्रायव्हर बसवा, बंद करा आणि मुख्य डिस्क पुन्हा व्हर्टिओवर न्या. अपडेट अर्धवट अडकलं असेल तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘डिसम’च्या ‘रिव्हर्ट पेंडिंग अ‍ॅक्शन्स’ने ते मागे घेता येतं. तिथे विंडोजचा ड्राइव्ह सीच असेल असं नाही, आधी ‘डीआयआर’ने बघा. फर्मवेअर किंवा आभासी टीपीएम बदलला असेल तर बिटलॉकर रिकव्हरीची किल्ली मागेल, ती आधीच शोधून ठेवा.

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने विंडोज मशीन बसल्या, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख. क्लाउडवरच्या व्हीएमसाठी तेव्हाचा एक मार्ग हाच होता: डिस्क दुसऱ्या व्हीएमला जोडायची, ती एक सदोष फाइल काढायची, डिस्क परत लावायची.

उठलंय, पण दिसत नाही

कन्सोलवर लॉगिन आलंय आणि नेटवर्क नाही, तर ‘आयपी लिंक’ने कार्डाचं नाव बघा. ईएनएस3चं ईएनपी1एस0 झालं असेल आणि कॉन्फिगरेशनमध्ये जुनंच नाव असेल. मॅक पत्त्यावर बांधलेलं कॉन्फिगरेशन अशा बदलात टिकतं. ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ दीड मिनिट चालून इमर्जन्सी मोड आला तर एफएसटॅबमधली (बूटच्या वेळी माउंट करायच्या डिस्कच्या यादीतली) एखादी डिस्क सापडत नाहीये; सिस्टिमडी तिची 90 सेकंद वाट बघतं. डिव्हाइसचं नाव काढून यूयूआयडी लिहा, आणि जिच्याशिवाय सिस्टिम चालू शकते तिला ‘नोफेल’ द्या. रूट खातं बंद असल्याने इमर्जन्सीत शिरता येत नसेल तर वरचाच रेस्क्यूचा रस्ता.

दुरुस्ती झाली की रेस्क्यूची डिस्क काढा, बूटचा क्रम पूर्ववत करा आणि व्हीएम आतून रीबूट न करता पूर्ण शटडाउन करून सुरू करा. हे दोनदा करा. पहिल्यांदा कधी कधी तात्पुरत्या ग्रब-बदलावर उठतं, दुसऱ्यांदा उठलं तरच दुरुस्ती डिस्कवर उतरली असं समजा. नव्या कर्नलनेच उठलंय ना हे ‘युनेम’ने बघा, आणि दोन-तीन दिवसांनी सगळं ठीक असेल तर घेतलेला स्नॅपशॉट काढून टाका, तो तसाच राहिला तर वाढत वाढत होस्टची डिस्क भरतो.